आरागिरणीतून आलेल्या ओल्या फळ्या: ऐन, बिवळा की आणखी काही?

प्रश्न थोडक्यात असा: संगमेश्वर तालुक्यात घरच्या डोंगरउतारावरची काही झाडं वादळात पडली, काही परवानगी घेऊन तोडली. ओंडके आरागिरणीत नेऊन दीड इंची फळ्या काढल्या. उतरवताना सगळं सरमिसळ झालं, साल बहुतेक गेली. आता ढिगात तीन प्रकार दिसतात: एक काळपट तपकिरी आणि जड, दुसरा पिवळा, तिसरा लालसर आणि त्यामानाने हलका. फोटो पाहून जात सांगता येईल का? नसेल तर घरच्या घरी काय करता येईल?

फोटोवरून सांगता येणार नाही. कोणी सांगितलीच तर त्या भरवशावर पुढचा खर्च करू नका. फोटोत दिसतो तो फळीच्या रुंद अंगाचा रंग, आणि नुकत्या चिरलेल्या ओल्या लाकडात सगळ्यात बेभरवशाचा तोच. सागाच्या ताज्या फळीवर पुष्कळदा हिरवट-शेवाळी पट्टे असतात, हवा-ऊन लागलं की ते सोनेरी तपकिरीत मिसळून जातात. फणस चिरल्याबरोबर पिवळाधमक असतो, पुढे काही महिन्यांत तपकिरी होतो. वजनाचंही तेच: ओल्या फळीत लाकडाइतकंच पाणी असू शकतं, त्यामुळे हातात जड लागलं म्हणजे लाकूड जड जातीचं असं मुळीच नाही. जात कळते ती टोकाच्या आडव्या छेदावरून, भिंगाखाली.

पण भिंग काढायच्या आधी कागद काढा. झाडं तोडायची परवानगी आणि मालाचा वाहतूक परवाना यांवर झाडांची नावं आणि संख्या असते. महाराष्ट्र वृक्षतोड (नियमन) अधिनियम, १९६४ च्या अनुसूचीत साग, ऐन, किंजळ, बिवळा, हळदू, खैर, जांभूळ, फणस, आंबा ही झाडं आहेत, म्हणजे तुमच्याकडच्या मोठ्या झाडांपैकी बरीचशी त्या कागदावर असणार. कागदावरचं नाव चुकीचं असू शकतं, फळी आणि नाव यांची जोडीही कागद लावून देत नाही. तरी त्याने यादी बंद होते. शंभर जातींतून एक शोधणं आणि पाच नावांतून एक शोधणं यात फार अंतर आहे. वादळात पडलेली झाडं कागदावर नसतील तर जागेवर जाऊन त्यांची यादी स्वतः करा.

त्यानंतर आधी ती कामं उरका जी पुढच्या आठवड्यात करता येणार नाहीत.

प्रत्येक फळीच्या दोन्ही टोकांवर खडूने नव्हे, ऑइलपेंटने किंवा जाड मार्करने नंबर घाला. ओल्या लाकडावर खडू टिकत नाही. वेगळ्या वाटणाऱ्या प्रत्येक फळीचा सहा इंची तुकडा कापून त्याचे दोन भाग करा. एक प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवा, दुसरा उघडा सावलीत ठेवा. ताजा रंग आणि बदललेला रंग दोन्ही शेजारी शेजारी मिळतात आणि हा बदल स्वतःच एक खूण असते. नमुना गाभ्याचा, म्हणजे सालीलगतच्या पांढऱ्या भागाच्या आतल्या लाकडाचा हवा. सालीलगतचा पांढरा भाग बहुतेक जातींत सारखाच फिकट असतो, त्यावरून काही ठरत नाही. ओंडक्याच्या अगदी मध्यातलाही नको, कारण कोवळ्या वयातल्या वलयांत छिद्रांची (झाडात पाणी वाहून नेणाऱ्या नळ्यांच्या तोंडांची) मांडणी पुढच्यासारखी नीट बसलेली नसते.

सालीचा एखादा तुकडा फळीच्या कडेला चिकटलेला राहिला असेल तर तो काढून त्याच नंबराच्या पिशवीत टाका. गिरणीच्या कडेला पडलेली साल मात्र उचलू नका, ती कोणत्याही ओंडक्याची असू शकते. खुंट कुठे आहेत तेही टिपून ठेवा. ऐन, किंजळ, साग यांच्या खुंटांना पुन्हा धुमारे फुटतात, आणि पान हातात आलं की भिंगाची गरजच उरत नाही. ऐनाच्या पानाच्या मागच्या बाजूला, मधल्या शिरेलगत देठाजवळ दोन बारीक गाठीसारख्या ग्रंथी असतात. सागाचं कोवळं पान चुरगळलं की बोटं लाल होतात.

वास ताजा असतानाच घ्या. वाळलेल्या अंगाला वास नसतो. पटाशीने एक जाड कपची काढायची आणि लगेच हुंगायची. सागाला कमावलेल्या चामड्यासारखा वास येतो आणि हाताला किंचित तेलकट लागतं. शिसवाला गोडसर सुगंध असतो. ऑस्ट्रेलियन बाभूळ ओली कापली की तिला चक्क घाण वास येतो. चव मात्र घेऊ नका. कडुनिंब कडू लागतो हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे लाकूड जिभेला लावून पाहण्याची सवय काहींना असते. पण कोकणच्या रानात बिब्बा आणि त्याच्या कुळातली इतर झाडं आहेत, त्यांच्या चिकाने कातडीवर फोड येतात. सालीच्या कडेने काळा पडणारा चीक दिसला तर ती फळी हातमोज्यांशिवाय धरायचीच नाही, तिचा भुसाही अंगावर घ्यायचा नाही. सिरसाच्या भुशाने शिंका येतात हे गिरणीवाले सांगतातच, ते त्रासदायक असलं तरी त्या मानाने किरकोळ.

आता छेद. बहुतेकांचं काम इथेच फसतं, भिंग स्वस्त असल्यामुळे नव्हे तर छेद वाईट असल्यामुळे. दहापट मोठं दाखवणारं जवाहिऱ्याचं भिंग पुरतं, वीसपटाचं घेऊ नका, त्यात दिसणारा भाग फार लहान होतो आणि हात हलला की चित्र जातं. फळीच्या टोकाचा उन्हाने चिरलेला, मळलेला भाग टाकून दोन-तीन सेंटिमीटर आतून एक इंची ठोकळा कापा. त्याच्या आडव्या अंगावर नवं कटर ब्लेड तिरपं धरून एका दमात पातळ चकती काढा. पुढे-मागे घासायचं नाही. पाच-सात मिलिमीटर रुंदीची स्वच्छ पट्टी मिळाली तरी बास, फक्त तिच्यात दोन-तीन वर्षवलयं आली पाहिजेत. लाकूड ओलं आहे ही इथे तुमच्या सोयीची गोष्ट आहे, वाळल्यावर ऐन-खैरासारखं लाकूड ब्लेडला दाद देत नाही आणि ठोकळा तासभर पाण्यात उकळावा लागतो.

ब्लेड बोथट असेल तर पातळ भिंतींच्या पेशी चेपल्या जातात आणि छिद्रांभोवतीची फिकट नक्षी दिसेनाशी होते. मग माणूस ‘नक्षी नाही’ असं लिहून मोकळा होतो आणि जात चुकते. सँडपेपरने गुळगुळीत केलं तर भुसा छिद्रांत बसतो आणि पांढरा साका असल्यासारखा दिसतो. खैराच्या छिद्रांत खरोखरच पांढरा साका असतो, त्यामुळे ही चूक महागात पडते. सँडिंग करायचंच असेल तर ६०० नंबरपर्यंत जा आणि हवेच्या झोताने छिद्रं साफ करा.

भिंग डोळ्याला जवळजवळ टेकवायचं आणि लाकूड भिंगाकडे आणायचं, साधारण अडीच सेंटिमीटरवर ते स्पष्ट होतं. उजेड बाजूने घ्या. पाहायच्या गोष्टी तीन. छिद्रं कशी मांडली आहेत: वलयाच्या सुरुवातीला मोठ्या छिद्रांची रांग आहे की सगळीकडे सारखी विखुरली आहेत. छिद्रांभोवती फिकट मृदुऊतक, म्हणजे वर सांगितलेली पातळ भिंतींच्या पेशींची नक्षी, कसं आहे: नुसतं कडं, दोन्ही बाजूंना निघालेले पंख, की एकमेकांना जोडत गेलेले पट्टे. आणि केंद्राकडून सालीकडे जाणाऱ्या रेषा, म्हणजे किरण, उघड्या डोळ्यांना दिसतात का. चौथी खूण रुंद अंगावर असते: काही जातींत फळीच्या रुंद बाजूवर बारीक आडव्या लहरी दिसतात. रंधा मारलेल्या अंगावर थोडं पाणी लावून, उजेड अगदी तिरपा पाडून त्या शोधायच्या.

तुमच्या तीन ढिगांपैकी पिवळा सगळ्यात लवकर सुटेल, कारण त्याचे उमेदवार मोजके आहेत आणि एकमेकांपासून स्पष्ट वेगळे आहेत: फणस, हळदू (तुमच्याकडे हेदू म्हणत असतील) आणि बिवळा.

छेदावर उघड्या डोळ्यांना छिद्रंच दिसत नसतील, भिंगाखाली मात्र खूप बारीक छिद्रांची दाट पेरणी दिसत असेल, तर तो हळदू. रंधा मारला की अंग अगदी मऊ आणि एकसारखं होतं, गाभा आणि पांढरा भाग यांतला फरक जवळजवळ कळत नाही. कळंबाची छिद्रंही अशीच बारीक असतात, पण त्याचा रंग गुलाबीकडे झुकतो.

छिद्रं मोठी, डोळ्यांना सहज दिसणारी असतील तर फणस किंवा बिवळा. फणसाच्या सालीच्या कडेला पांढरा चीक वाळलेला सापडतो आणि रुंद अंगावर लहरी नसतात. बिवळ्याच्या अंगावर त्या लहरी असतात, सालीजवळ रक्तासारखा लाल डिंक असतो आणि रंग निव्वळ पिवळा नसून सोनेरी-तपकिरी असतो, त्यात गडद रेषा. ओली फळी कपड्याला लागली की पिवळा डाग पडतो. यानेही समाधान होत नसेल तर एक चाचणी करा, बिवळ्यासाठी ती फारच चांगली आहे. गाभ्याचा मूठभर रंधाकीस, अंदाजे पाच ग्रॅम, काचेच्या ग्लासात शंभर मिलिलिटर साध्या पाण्यात रात्रभर ठेवा. सकाळी ग्लास उन्हात, मागे काळा कागद धरून, बाजूने पाहा. पाणी पिवळट-तपकिरी असतं आणि कडेला निळसर झाक मारते. नोटा तपासायचा अतिनील टॉर्च असेल तर अंधारात ती झाक आणखी ठळक होते. कीस पांढऱ्या भागाचा घेतला तर काही दिसणार नाही. आणि प्लॅस्टिकच्या ग्लासात करू नका, काही प्लॅस्टिक स्वतःच टॉर्चखाली निळं चमकतं.

काळपट आणि जड ढीग मात्र डोकं खाणारा आहे. रत्नागिरीच्या डोंगरात पहिला संशय ऐन आणि किंजळ यांच्यावरच जातो, ही दोन्ही एकाच प्रजातीतली, म्हणजे जवळच्या जातींच्या एकाच गटातली झाडं, टर्मिनालिया. दोघांत छिद्रं विखुरलेली, दोघांत मृदुऊतकाचे पंख एकमेकांना जोडत गेलेले, दोघांचे किरण बारीक. ऐनाचा गाभा गडद तपकिरी, काळसर पट्ट्यांचा. किंजळाचा त्या मानाने करडा. पण ऐनाची फिकट फळी आणि किंजळाची गडद फळी शेजारी ठेवली तर नुसत्या भिंगाने ठामपणे सांगणं अवघड असतं, आणि जो ठामपणे सांगतो त्याने बहुतेक वेळा साल पाहिलेली असते. ऐनाची साल जाड, खोल भेगांनी चौकोनी तुकड्यांत फुटलेली, मगरीच्या पाठीसारखी. किंजळाची त्यापेक्षा पातळ, उथळ भेगांची. खुंटाच्या आसपास पाचोळ्यात फळं शोधा: ऐनाचं फळ मोठं, पाच पंखांचं, किंजळाचं छोटं, त्याचा एक पंख बाकीच्यांपेक्षा बराच रुंद. दारं-खिडक्या किंवा खांबासाठीच वापरायचं असेल तर या दोघांतला वाद मिटवण्यात वेळ घालवण्यासारखं फारसं काही नाही. कागदासाठी नाव लागत असेल तर मिटवावाच लागेल.

याच ढिगात दुसरं काही मिसळलंय का ते मात्र नक्की पाहा. रुंद अंगावर लहरी असतील आणि गाभ्यात जांभळी छटा व काळ्या रेषा असतील तर तो शिसव, त्याची फळी लगेच बाजूला काढा, किंमतीत फार फरक पडतो. छिद्रांभोवती ठळक, जाड फिकट कडं आणि वजनाला ऐनापेक्षा हलकं असेल तर सिरसाचा विचार करा. सामाजिक वनीकरणात लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ कोकणात आता सगळीकडे आहे, तिचा गाभा तपकिरी ते लालसर गडद असतो आणि ती हमखास दुसऱ्या कशाच्या तरी नावाने खपते.

काळ्या रंगाबद्दल एक सावधगिरी. ऐन, किंजळ, खैर, बाभूळ यांत टॅनिन (कातडी कमावायला वापरतात तो तुरट घटक) भरपूर असतं. ओल्या लाकडाला करवतीचं लोखंड, खिळा किंवा साखळी लागली की तिथे निळा-काळा डाग पडतो. हा डाग पृष्ठभागावरचा असतो, एक-दोन रंधे मारले की जातो. लाकडाच्या स्वतःच्या काळ्या रेषा फळीच्या आरपार आणि टोकावरही दिसतात. याचाच उपयोग चाचणीसारखा करता येतो: स्टीलवुलचा छोटा गोळा व्हिनेगरमध्ये रात्रभर ठेवा आणि त्या पाण्याचा थेंब ताज्या रंधलेल्या अंगावर टाका. काही मिनिटांत काळं झालं तर टॅनिन भरपूर. यातून जात ठरत नाही, पण ढीग दोन भागांत वाटायला मदत होते.

लालसर ढिगात आधी पाहायचं ते वलयातल्या छिद्रांची रांग. वलयाच्या सुरुवातीला मोठी छिद्रं आणि पुढे लहान होत गेलेली, रंग फिकट लाल ते लालसर तपकिरी, असं असेल तर नाणा असण्याची शक्यता जास्त. सह्याद्रीच्या उतारावर तो भरपूर आहे आणि सागाच्या जागी वापरला जातो. तशीच रांग, पण लाकूड आणखी हलकं आणि सुगंधी असेल तर तूण. सागातही मोठ्या छिद्रांची रांग असते, पण लाली नसते, आणि रांगेतल्या छिद्रांभोवती फिकट पट्टा वलयाच्या सुरुवातीशी चिकटून जातो. रांग अजिबात नसेल, लाकूड कठीण आणि रंग लालसर करडा असेल तर जांभूळ पाहा. कडुनिंब आणि बाभूळही लालसरच, पण ती झाडं उतारावरच्या जंगलापेक्षा घराजवळ आणि बांधावर असतात. झाड कुठे उभं होतं हे आठवणं इथे कामाला येतं.

वजनाचा उपयोग करायचाच असेल तर ओलं वजन नको, घनता काढा. ओल्या ठोकळ्याचं आकारमान घ्यायचं आणि वाळवल्यावरचं वजन घ्यायचं. डिजिटल काट्यावर पाण्याचं भांडं ठेवून शून्य करा. सुईला टोचलेला ठोकळा पूर्ण बुडेल असा धरा, तळाला किंवा कडेला लागू देऊ नका. काटा जितके ग्रॅम दाखवेल तितकं घन सेंटिमीटर आकारमान. मग तोच ठोकळा ओव्हनमध्ये १०३ अंश सेल्सिअसच्या आसपास ठेवा आणि दोन-तीन तासांच्या अंतराने घेतलेल्या दोन वजनांत फरक पडेनासा होईपर्यंत वाळवा. मायक्रोवेव्ह नको, ठोकळा आतून जळतो. समजा आकारमान १०० घन सेंटिमीटर, ओलं वजन ९८ ग्रॅम, वाळलेलं ५६. घनता ०.५६. ओलावा (९८ − ५६) ÷ ५६, म्हणजे ७५ टक्के.

या पद्धतीने शिवण आणि रेन ट्री साधारण ०.४ ते ०.५ मध्ये येतात, साग ०.५५ च्या आसपास, बिवळा ०.६५ च्या पुढे, ऐन ०.७ च्या वर, खैर ०.९ च्या जवळ. एकाच जातीत दहा-पंधरा टक्के इकडेतिकडे होतं आणि वेगाने वाढलेल्या लागवडीच्या झाडांत घनता कमी निघते, म्हणून या आकड्याने जात ठरवू नका, नको ती नावं खोडा. ०.५ आली तर तो ऐन नाही, एवढं नक्की कळतं. मॉइश्चर मीटरवर तूर्त विसंबू नका. त्यात लाकडाची जात आधी निवडावी लागते, आणि ती तर तुम्हाला माहीतच नाही. शिवाय तीस टक्क्यांच्या वर त्याचं वाचन नुसता अंदाज असतो.

एवढं करूनही कागदोपत्री पक्कं नाव हवं असेल तर नमुना बंगळुरूच्या काष्ठ विज्ञान व तंत्रज्ञान संस्थेकडे किंवा देहरादूनच्या वन संशोधन संस्थेकडे पाठवता येतो. शुल्क आणि नमुन्याचं माप आधी विचारून घ्या. साधारण हाताच्या पंजाएवढा, गाभ्याचा, बुरशी न लागलेला तुकडा, सोबत साल आणि गावाचं नाव असलं तर काम सोपं होतं. लाकडाच्या रचनेवरून पुष्कळदा प्रजातीपर्यंतच पोचता येतं, नेमकी जाती नाही, त्यामुळे ‘टर्मिनालिया’ एवढंच उत्तर आलं तर तो प्रयोगशाळेचा कामचुकारपणा समजू नका.

नाव ठरेपर्यंत फळ्या उघड्या उन्हात पडू देऊ नका. तिन्ही ढीग ऐनच आहेत असं धरून वागा, कारण ऐन घाईने वाळला की अंगावर आणि टोकाला तडकतो. टोकांना मेण किंवा जाड ऑइलपेंट लावा, सावलीत, दर दीड-दोन फुटांवर एक इंची सुक्या पट्ट्या घालून थप्पी लावा, पट्ट्या वरपासून खालपर्यंत एका रेषेत ठेवा. पुन्हा विचाराल तेव्हा प्रत्येक ढिगामागे एवढं द्या: ब्लेडने कापलेल्या छेदाचा भिंगातून घेतलेला फोटो, शेजारी मिलिमीटरची पट्टी, रंधलेल्या रुंद अंगाचा तिरप्या उजेडातला फोटो, घनता, वास, आणि पिवळ्या ढिगासाठी रात्रभर भिजवलेल्या किसाचं पाणी.